शेवटचा शब्द कोणाचा?

नवापूर स्टेशनच्या फलाटावर एक बाक आहे. त्याच्या मधोमध रेघ आखलेली आहे. एका अंगाला महाराष्ट्र, दुसऱ्या अंगाला गुजरात. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत. ही हद्द १ मे १९६० ची. सुरत-भुसावळ लोहमार्ग तिच्याहून कितीतरी जुना, आणि मार्गाच्या दुतर्फा राहणारे मावची, गावित, कोकणी, भिल्ल त्या लोहमार्गाहूनही जुने. नवापूर सोडून गाडी नंदुरबारच्या दिशेने निघाली की थोड्याच वेळात चिंचपाडा येते. या नावातला दुसरा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. महसूल खात्याच्या हिशेबात एकक असते ते गाव: त्याला नकाशा असतो, गट नंबर असतात, तलाठी असतो. पाडा ही त्याच्या आधीची वस्ती. तिला असतो कारभारी, पुजारा, शिवेवरचा देव आणि इथून तिथवरचे रान आपले, ही तोंडी पण पक्की समज. गावाची हद्द सरकार ठरवते, पाड्याची शीव देव राखतो. या दोन हद्दी जिथे एकमेकींना छेदतात तिथे गेली दोनशे वर्षे भांडण चालू आहे. वरवर ते जमिनीचे भांडण दिसते, पण त्याच्या तळाशी एक धार्मिक-तात्त्विक प्रश्न आहे: सत्ता ही मुळात एकच आणि अविभाज्य असते का? शेवटचा शब्द कोणा एकाचाच असावा लागतो का? तसा तो असायलाच हवा, हे आपण आज निसर्गनियमासारखे धरून चालतो. माझे म्हणणे असे की हा नियम निसर्गाचा नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपने धर्मयुद्धांच्या भीतीपोटी तो घडवला, एकमेव ईश्वराच्या कल्पनेच्या साच्यात तो ओतला, आणि साम्राज्याबरोबर तो सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन पोहोचला.

आधी युरोपकडे पाहू. फ्रान्समध्ये १५६२ पासून कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकमेकांचे रक्त सांडत होते. ऑगस्ट १५७२ मध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या सणाला पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली. त्यानंतर चारच वर्षांनी, १५७६ मध्ये, झाँ बोदँ या कायदेपंडिताने राज्यावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. सार्वभौमत्वाची आज आपण गिरवतो ती व्याख्या तिथून आलेली आहे. बोदँच्या मते कायदा करण्याचा अंतिम अधिकार वाटून घेता येत नाही. वाटला की तो सार्वभौम उरत नाही. हा विचार कोणाही शहाण्या माणसाला पटावा अशीच त्याची वेळ होती. घरात आग लागलेली असताना पाण्याची बादली कोणाच्या मालकीची, हा वाद नको असतो. पुढे इंग्लंडमध्ये पहिल्या जेम्सने १६१० मध्ये पार्लमेंटपुढे राजांची तुलना थेट देवांशी केली. त्याच्या मुलाचे, पहिल्या चार्ल्सचे डोके १६४९ मध्ये उडवले गेले आणि दोन वर्षांनी थॉमस हॉब्जचा ‘लेव्हायथन’ आला. त्या ग्रंथाचे मुखपृष्ठ नीट न्याहाळावे. डोंगरामागून एक अवाढव्य मुकुटधारी पुरुष वर येतो आहे. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात धर्मगुरूचा दंड. त्याचे धड आणि बाहू शेकडो लहान माणसांचे बनलेले आहेत आणि ती सगळी माणसे वाचकाकडे पाठ करून त्याच्या मुखाकडे पाहत आहेत. खालच्या शहरात रस्ते जवळजवळ ओस पडले आहेत. हॉब्जने या पुरुषाला मरणाधीन असा देव मानले. राजा हा देवाचा प्रतिनिधी, ही कल्पना जगात सगळीकडे होती, आपल्याकडेही होती. पण राज्य हाच पृथ्वीवरचा एकमेव देव, त्याच्या शेजारी दुसरे कोणी चालणार नाही, हे वळण वेगळे आहे. जर्मन कायदेपंडित कार्ल श्मिट याने १९२२ मध्ये मांडले की आधुनिक राज्यशास्त्रातल्या प्रमुख कल्पना म्हणजे ईश्वरशास्त्रातल्याच कल्पनांची ऐहिक रूपे आहेत. हा माणूस पुढे नाझी पक्षात गेला, म्हणून त्याचे निदान खोटे ठरत नाही. सर्वशक्तिमान ईश्वराच्या जागी सर्वशक्तिमान विधिकर्ता बसला, हे त्याने बरोबर हेरले होते.

एकच सत्ता हवी असे ठरले की एकच श्रद्धा हवी, हा मोह फार लांब राहत नाही. जर्मन प्रदेशांत १५५५ च्या ऑग्सबर्गच्या तहाने ज्याचे राज्य त्याचा धर्म, हे सूत्र मान्य केले. प्रजेला न पटल्यास प्रदेश सोडून जाण्याची मुभा होती. फ्रान्समध्ये १५९८ च्या नांतच्या फर्मानाने प्रॉटेस्टंटांना सवलती दिल्या आणि चौदाव्या लुईने १६८५ मध्ये त्या काढून घेतल्या. सुमारे दोन लाख माणसे देश सोडून गेली. चिंचपाड्याच्या संदर्भात हा इतिहास दूरचा नाही. इथे १९४० च्या दशकापासून ख्रिस्ती मिशनचे रुग्णालय आहे. परिसरात येशूची प्रार्थना करणारी घरे आहेत, याहामोगी देवमोगरा मातेच्या यात्रेला महाशिवरात्रीस जाणारी घरे आहेत, वारकरी माळ घातलेली घरे आहेत, आणि पुष्कळदा ती एकाच भाऊबंदकीतली आहेत. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. धर्म बदलला म्हणून आदिवासीपण जावे, अशी मागणी आज जोर धरते आहे. तिच्या समर्थकांची काळजी खरी असेल, पण त्या मागणीचा नमुना १६८५ चाच आहे: राज्याने ओळख द्यायची आणि श्रद्धेवरून ती परत घ्यायची. मला ती मागणी अन्यायाची वाटते.

आता रानाकडे येऊ, कारण अनियंत्रित सत्तेचा खरा स्वभाव तिथे उघडा पडतो. लुईचा मंत्री कोल्बेर याने ऑगस्ट १६६९ मध्ये फ्रान्सच्या जंगलांसाठी मोठा हुकूमनामा काढला. आरमाराला ओकचे लाकूड हवे होते. राजाची जंगले, चर्चची जंगले, गावांची सामाईक जंगले, इतकेच काय खासगी झाडेसुद्धा राज्याच्या देखरेखीखाली आली. याच काळात आपल्याकडेही एक आरमार उभे राहत होते. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडाचे प्रकरण आहे. त्याचा आशय असा: राज्यातल्या अरण्यातला साग परवानगीने तोडावा, कमी पडेल ते परमुलखातून खरेदी करून आणावे, आंबा-फणसही उपयोगाचे, पण त्यांना हात लावू देऊ नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या समाधानाने न्यावे. बलात्कार, म्हणजे जबरदस्ती, सर्वथा करू नये. दोन्ही दस्तऐवजांत गरज एकच आहे, जहाज. पण अमात्यांच्या ग्रंथात झाडाला राजाखेरीज दुसरा धनी आहे आणि त्याची संमती मिळाल्याशिवाय कुऱ्हाड चालत नाही. याच ग्रंथात वतनदारांविषयीचे विवेचन आहे. देशमुख, देशकुलकर्णी ही माणसे म्हणजे राज्याचे दायाद, वाटेकरी, असे अमात्य म्हणतात. हे त्यांनी कौतुकाने लिहिलेले नाही. वतनदार बळावले तर राज्य बुडवतील, ही धास्ती पानोपानी आहे. तरीही त्यांचा सल्ला वतने उखडून काढण्याचा नाही. स्नेह आणि दंड यांच्या मध्ये त्यांना ठेवावे, असा आहे. म्हणजे सत्तेत वाटेकरी असतात हे ज्याला सर्वांत अधिक खुपत होते, त्या प्रशासकानेही ते वास्तव म्हणून स्वीकारले होते.

इथे इतिहासाचा जाणकार मला अडवील. तो म्हणेल, फ्रान्समधली राजसत्ता तरी खरोखर अनियंत्रित कुठे होती? लुईला प्रांतोप्रांतीच्या सरदारांशी, न्यायमंडळांशी, पदे विकत घेतलेल्या अधिकाऱ्यांशी सतत तडजोड करावी लागली. कोल्बेरच्या हुकुमानंतरही गावकरी रानात गुरे सोडतच होते. हा आक्षेप रास्त आहे आणि गेल्या काही दशकांतल्या संशोधनाचा कल त्याच बाजूचा आहे. पण माझा मुद्दा त्यातूनच पुढे जातो. युरोपात हा दावा जन्मला तो जुन्या रूढींच्या, सनदांच्या, न्यायमंडळांच्या गर्दीत, आणि त्या गर्दीने त्याला आवर घातला. १८२७ मध्ये फ्रान्सने नवा वनकायदा केला तेव्हा पिरेनीज पर्वतातल्या आरिएज भागात शेतकरी बायकांचा वेष घेऊन, तोंडे काळी करून जंगलरक्षकांवर चालून गेले आणि काही वर्षे सरकारला जेरीस आणले. वसाहतीत मात्र हा दावा आला तो सगळे लगाम मागे ठेवून. इथल्या रूढींना रूढी म्हणून ओळखण्याची राज्यकर्त्यांवर सक्तीच नव्हती. पॅरिसमध्ये जो दावा बराचसा कागदावर राहिला, तो खानदेशात जमिनीवर उतरला.

खानदेश १८१८ मध्ये कंपनी सरकारकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज तिथला पहिला कारभारी झाला. त्याच्यापुढे भिल्ल नाईकांचा प्रश्न होता. हे नाईक सपाटीवरच्या गावांकडून गिरास ही ठरलेली वसुली घेत, रखवालीचे हक्क घेत. दक्षिणेला नवापूरला लागूनच असलेल्या डांगातले राजे गायकवाडांच्या गावांतून असाच गिरास वसूल करीत. इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोळ्यांना ही निव्वळ खंडणी दिसली. एका भूमीवर दोघांनी कर घ्यायचा, ही गोष्ट बोदँच्या चौकटीत बसतच नव्हती. मग एक राजा आणि दुसरा लुटारू, एवढेच उत्तर उरते. भिल्लांच्या लेखी गिरास हा राज्यातला हिस्सा होता, भाऊबंदकीतल्या वाट्यासारखा. कंपनीने यावर जो तोडगा काढला तो अत्यंत बोलका आहे. रक्कम बंद केली नाही. ती सरकारने आपल्या खजिन्यातून द्यायला सुरुवात केली, म्हणजे नाईकाने गावात जाऊन ती घ्यायची नाही, सरकारदारी येऊन उचलायची. पैसा तोच आणि अर्थ उलटा. काल जो वाटेकरी होता तो आज आश्रित झाला. १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी आली, औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याची भिल्ल पलटण उभी राहिली, आणि १८४२ मध्ये डांगातले सागवान भाडेपट्ट्याने कंपनीकडे गेले. आजही दरवर्षी होळीच्या तोंडावर आहव्याला डांग दरबार भरतो आणि राजांच्या वारसांना सरकारकडून मानधन दिले जाते. एक अख्खी राज्यकल्पना त्या पाकिटात मावते, हे पाहून मन विषण्ण होते.

जंगलाच्या बाबतीत हेच अधिक कठोरपणे घडले. १८६४ मध्ये डीट्रिच ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. १८६५ चा कायदा आला, मग १८७८ चा. दुसऱ्या कायद्याच्या आधी सरकारातच कडाक्याचा वाद झाला. बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचे म्हणणे होते की पूर्वेकडे राजाच सगळ्या पडीक भूमीचा मालक असतो, त्यामुळे रानावर लोकांचा वापर आहे पण हक्क नाही. ब्रँडिसला काही क्षेत्रात लोकांचे हक्क मान्य करावेत असे वाटत होते आणि मद्रास सरकारने तर सरकारी मालकीच्या दाव्यालाच विरोध केला होता. जिंकले ते बेडन-पॉवेलचे म्हणणे. राखीव जंगलाची घोषणा झाल्यावर मुदतीत दावा न केल्यास हक्क संपुष्टात येत. ज्याला वाचता येत नाही, ज्याचा पाडा नकाशावर नाही, त्याने मुदतीत लेखी दावा करायचा! हक्काला अशा रीतीने वापराची, वापराला सवलतीची आणि सवलतीला अतिक्रमणाची कळा आली. १९२७ चा कायदा त्याचाच पुढचा अवतार, आणि स्वतंत्र भारताने तो जसाच्या तसा पुढे चालवला.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. एकमुखी सत्ता नसेल तर बळी तो कान पिळी, असे कोणीही म्हणेल. पेशवाईच्या अखेरच्या काळातला खानदेश याचा दाखलाच आहे: दुष्काळ, पेंढारी, भिल्लांच्या धाडी, ओस पडलेली गावे. ही दुर्दशा खरी आहे आणि तिच्यावर रम्य पडदा टाकण्याची माझी इच्छा नाही. पण त्याच काळातली कोपरगावची घटना विसरता येत नाही. पेशव्यांचा खानदेशातला अधिकारी बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांना बोलण्यांच्या मिषाने तिथे जमवले आणि दगा करून त्यांतल्या बहुतेकांना विहिरींत लोटून मारले. विश्वास मोडला तो राज्यसत्तेने. सीमेवरची माणसे आणि राज्य यांच्यातला जुना करार जोवर पाळला जात होता, तोवर नाईक हेच घाटांचे राखणदार होते. हॉब्जला अराजकाचे भय होते आणि ते भय प्रामाणिक होते. पण अराजक वाटेकरी असल्यामुळे माजते की वाटेकऱ्यांचा वाटा हिरावल्यामुळे, हा प्रश्न त्याने पुरेसा विचारला नाही. त्याच युरोपात योहानेस अल्थुसियसने १६०३ मध्ये वेगळे उत्तर दिले होते: कुटुंब, गिल्ड, नगर, प्रांत यांच्या परस्पर करारांतून राज्य घडते आणि सत्तेचा मूळ ठेवा त्या समुच्चयाकडे राहतो. इतिहासाने त्याला मागच्या बाकावर बसवले, एवढेच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली आणि राज्यघटनेचे एकक व्यक्ती हे ठेवले. ज्या गावाने माणसाला पाणवठ्यावर येऊ दिले नाही त्या गावाच्या हाती सार्वभौमत्व द्यायचे, हा विचार कोणत्याही दलित वाचकाला भयावह वाटेल आणि वाटलाच पाहिजे. पाड्यातही जातपंचायतीचा जाच असतो. डाकीण ठरवून बायकांचे जीव घेतल्याचे प्रकार सातपुड्यात झालेले आहेत. अशा वेळी दूरच्या न्यायालयाचाच आधार असतो. म्हणून राष्ट्राने मागे हटावे आणि गावाने सिंहासनावर बसावे, असे मी म्हणत नाही. ते तर हॉब्जच्या राक्षसाची लहान प्रत काढण्यासारखे होईल. व्यक्तीच्या जिवाचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न आला की गावाचा शब्द शेवटचा असू नये, आणि रानाचा, देवाचा, वहिवाटीचा प्रश्न आला की सरकारचा शब्द शेवटचा असू नये. निरनिराळ्या बाबतींत निरनिराळे शेवटचे शब्द असू शकतात. बोदँला जे अशक्य वाटले ते संघराज्ये रोज करून दाखवतात.

श्रद्धेच्या अंगाने पाहिले तर पाड्याकडे याचे तत्त्वज्ञान आधीपासून आहे. शिवेवरचा वाघदेव म्हणजे लाकडाचा किंवा दगडाचा उभा पट: त्यावर वाघ, नाग, सूर्य, चंद्र कोरलेले. हा देव सर्वशक्तिमान नाही. त्याची सत्ता शिवेपुरती. धान्याची कणसरी वेगळी, डोंगरदेव वेगळा, मोठी माता देवमोगरा वेगळी; कोणी कोणाला बाद करीत नाही. वाघाला रानात वाटा आहे हे मान्य करूनच त्याला गुरांकडे न येण्याची विनवणी केली जाते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोद्याकडच्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी भिल्लांत सुधारणेची चळवळ केली. दारू सोडा, स्वच्छ राहा, आणि भेटाल तेव्हा एकमेकांना ‘आप की जय’ म्हणा. तू-तुकारानेच ज्यांना हाक मारली जाई त्यांनी एकमेकांना ‘आप’ म्हणायचे! युरोपातले राजे स्वतःविषयी ‘आम्ही’ असे बहुवचन वापरीत, इथे आदराचे बहुवचन प्रत्येकाच्या वाट्याला आले. सार्वभौमत्व सर्वांत वाटता येते, याचे इतके साधे प्रात्यक्षिक मला दुसरीकडे आढळलेले नाही.

आपल्या कायद्यानेही उशिरा का होईना वळण घेतले आहे. १९९६ च्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या, कायद्याने वस्तीला किंवा पाड्याला स्वतंत्र गाव मानण्याची वाट उघडली आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी पाड्याला तशा ठरावाची कार्यपद्धती दिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवर झालेल्या ऐतिहासिक अन्यायाची उद्देशिकेतच कबुली दिली, आणि त्याच्या पूर्ण नावातला शब्द आहे ‘मान्यता’. मान्यता आधीपासून असलेल्या गोष्टीलाच देता येते. आपण मात्र बोलताना ‘पट्टा मिळाला’, ‘सरकारने जमीन दिली’ असेच म्हणतो. गिरासाचे मानधन झाले तीच चूक जिभेवर अजून आहे. ओडिशातल्या नियमगिरी डोंगराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये डोंगरिया कोंधांच्या उपासनेच्या हक्काचा निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. त्या बारा सभांपुढे राज्य सरकार आणि खाणकंपनी दोघांनाही थांबावे लागले, आणि देश काही तुटला नाही.

नवापूर तालुक्यातल्या ज्या पाड्यांचे सामूहिक दावे अजून व्हायचे आहेत किंवा पुराव्याअभावी अडले आहेत, त्यांच्या वनहक्क समित्यांना म्हणून एक सांगणे आहे. वनहक्क नियमांतला दाव्याच्या पुराव्यांविषयीचा नियम १३ पुन्हा वाचा. त्यात नकाशांसारखी सरकारी कागदपत्रे आहेत, तशीच वडीलधाऱ्यांची लेखी जबानी, जुन्या विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थळे हीसुद्धा आहेत. शिवेवरच्या वाघदेवाचा फोटो काढा, त्याची जागा मोजून लिहा, त्याची पूजा कोणत्या घराण्याकडे आणि किती पिढ्यांपासून हे म्हाताऱ्यांकडून टिपून घ्या, आणि तो कागद दाव्याला जोडा.